समचलन की व्यस्तचलन? शाब्दिक उदाहरणात आधी 'काय बदलत नाही' ते शोधा

आठवीच्या गणितात 'चलन' हे प्रकरण येतं आणि मग वेगवेगळी नावं घेऊन ते भेटतच राहतं. शिष्यवृत्तीच्या आणि पोलीस भरतीच्या पेपरात ते काळ-काम-वेग म्हणून येतं. नववी-दहावीच्या विज्ञानात ओहमच्या नियमात आणि गुरुत्वाकर्षणाच्या नियमात येतं. आकडेमोड म्हणाल तर एक गुणाकार आणि एक भागाकार, बस्स. तरीही मुलं इथे अडतात, कारण खरी अडचण उदाहरण वाचण्यात असते. म्हणून या लेखाचा बराचसा भाग वाचण्याबद्दलच आहे. मूल आठवीत असो, की नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तुम्ही स्वतः असा, पद्धत एकच लागते.

बहुतेकांना एक नियम पाठ असतो: एक वाढलं की दुसरं वाढतं ते समचलन, एक वाढलं की दुसरं घटतं ते व्यस्तचलन. हा नियम अर्धवट आहे आणि त्यामुळेच मार्क जातात. वाढ-घट ही समचलनाची किंवा व्यस्तचलनाची खूण असू शकते, पण पुरावा नाही. पुरावा हा:

समचलनात दोन राशींचा भागाकार कायम राहतो. य ÷ क्ष = क.
व्यस्तचलनात दोन राशींचा गुणाकार कायम राहतो. य × क्ष = क.

पाठ्यपुस्तकात इथे इंग्रजी अक्षरं असतात. मी बदलणाऱ्या राशींना क्ष आणि य म्हणतो, आणि जो आकडा हलत नाही त्याला, म्हणजे स्थिरांकाला, क म्हणतो. परीक्षेत तुमच्या पुस्तकातली अक्षरं वापरा, काही बिघडत नाही. पण क हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, एवढं मनात पक्कं ठेवा.

पहिली पायरी: तीन गोष्टी शोधा

उदाहरण हातात आलं की लगेच आकडे गुणायला घेऊ नका. वहीच्या समासात तीन ओळी लिहा. बदलणारी पहिली राशी कोणती, बदलणारी दुसरी राशी कोणती, आणि न बदलणारी गोष्ट कोणती. पहिल्या दोन सगळ्यांना सापडतात. तिसरी बहुतेक वेळा उदाहरणात आकड्याने दिलेलीच नसते, शब्दांत दडलेली असते. 'त्याच दराने', 'एकसारख्या', 'त्याच प्रमाणात' असे शब्द दिसले तर भागाकार कायम आहे असं समजून पुढे जा. 'तेच काम', 'तेवढंच अंतर', 'तेवढ्याच पैशांत', 'तोच शिधा' असे शब्द आले तर गुणाकार कायम असण्याची शक्यता मोठी.

सोपं उदाहरण घेऊ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात अडीच किलो झेंडूला ३०० रुपये पडले (आकडा उदाहरणापुरता धरलेला आहे). त्याच दराने ४ किलो झेंडूला किती पडतील?

समासात लिहा: वजन बदलतं, किंमत बदलते, दर बदलत नाही. दर म्हणजे किंमत भागिले वजन. भागाकार कायम, म्हणजे समचलन.

क = ३०० ÷ २.५ = १२० रुपये प्रतिकिलो.
४ किलोची किंमत = १२० × ४ = ४८० रुपये.

हेच उदाहरण उलट विचारतात: २०० रुपयांत किती झेंडू येईल? २०० ÷ १२०, म्हणजे १.६६७ किलो, साधारण १ किलो ६६७ ग्रॅम. इथे घाबरलेली मुलं प्रश्न उलटा आला म्हणून व्यस्तचलन लावतात. प्रश्न कुठल्याही बाजूने विचारला तरी दर तोच आहे, त्यामुळे चलनही तेच राहतं.

पाचवी-सहावीत शिकलेली एकमान पद्धत आठवली का? 'एका किलोची किंमत काढा' म्हणजे क काढणंच. बीजगणिताने त्याला अक्षर दिलं, एवढाच फरक.

दुसरी पायरी: दुप्पट करून पाहा

कुठलं चलन आहे याबद्दल शंका असेल तर एक चाचणी करा. पहिली राशी मनातल्या मनात दुप्पट करा. दुसरी नेमकी दुप्पट झाली तर समचलन. नेमकी निम्मी झाली तर व्यस्तचलन. यातलं काहीच झालं नाही तर यापैकी एकही नाही, आणि सूत्र लावायचं नाही. 'नेमकी' हा शब्द इथे सर्वात महत्त्वाचा आहे.

मुंबईकराला रोज भेटणारी तीन उदाहरणं या चाचणीवर घासून पाहू.

पहिलं, लोकल. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तो मार्ग सुमारे ३४ किलोमीटरचा. आज त्याच मार्गावर तुम्ही लोकलमध्ये बसलात. कापलेलं अंतर वाढत जातं, उरलेलं अंतर घटत जातं. एक वाढतं, दुसरं घटतं, म्हणजे व्यस्तचलन? दुप्पट करून पाहा. १० किलोमीटर कापले तेव्हा २४ उरले. २० कापले तेव्हा १४ उरले. निम्मं व्हायला हवं होतं १२. झालं नाही. गुणाकारही पाहा: १० × २४ = २४०, २० × १४ = २८०. कायम नाही. कायम आहे ती बेरीज, ३४. हे व्यस्तचलन नव्हे. सोसायटीच्या टाकीत वापरलेलं पाणी आणि उरलेलं पाणी, खर्च केलेले पैसे आणि शिल्लक, वाचलेली पानं आणि उरलेली पानं, या सगळ्या जोड्या याच जातीच्या. परीक्षेत 'खालीलपैकी व्यस्तचलन कोणते' या प्रश्नात असा एक पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

दुसरं, रिक्षाचं मीटर. १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला किमान २६ रुपये आणि त्यापुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. गाडी थांबली असतानाचे पैसे बाजूला ठेवू. अंतर वाढलं की भाडं वाढतं. समचलन का? अर्धा किलोमीटर गेलात तरी २६, एक किलोमीटर गेलात तरी २६. अंतर दुप्पट झालं, भाडं हललं नाही. म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत समचलन नाही. त्यापुढे मात्र गंमत आहे. १७.१४ ला दीडने गुणा, २५.७१ येतात. म्हणजे २६ हा किमान आकडा जवळजवळ दरानेच आलेला आहे. त्यामुळे लांबच्या अंतराला भाडं भागिले अंतर हा आकडा १७ च्या आसपासच राहतो. ५ किलोमीटरला साधारण ८६, १० किलोमीटरला साधारण १७१. एकच मीटर, पण एका भागात समचलन नाही आणि दुसऱ्या भागात जवळजवळ आहे. उदाहरणात 'किमान भाडे' हे शब्द दिसले की थांबून विचार करा, तो याचसाठी.

याच्याशी मिळताजुळता एक प्रकार आहे. मंडळाचं सामान न्यायला टेम्पोवाला काही ठरावीक रक्कम घेतो आणि वर किलोमीटरमागे काही रुपये घेतो. ५ किलोमीटरला ५०० रुपये झाले, १२ किलोमीटरला ६४० झाले, तर २० किलोमीटरला किती? ५०० ला ५ ने भागून १०० चा दर काढाल तर चुकाल, कारण त्याच दराने १२ ला १२०० व्हायला हवे होते. इथे फरक पाहायचा. अंतर ७ किलोमीटरने वाढलं, पैसे १४० ने वाढले, म्हणजे किलोमीटरला २० रुपये. ५ किलोमीटरचे १०० गेले की ठरावीक रक्कम ४०० उरते. २० किलोमीटरला ४०० + २० × २० = ८०० रुपये. एकूण भाडं अंतराच्या समचलनात नाही, पण भाड्यातून ४०० वजा केले की उरलेला भाग समचलनात आहे.

तिसरं, कुकर. ४ बटाटे उकडायला १५ मिनिटं लागली तर त्याच कुकरमध्ये ८ बटाटे एकदम उकडायला किती लागतील? तीस नाही. फार तर थोडा जास्त वेळ लागेल. एका वेळी शिजणाऱ्या, सुकणाऱ्या, पोहोचणाऱ्या गोष्टींना संख्येचं चलन लागू होतं का, हे आधी विचारा. एका लोकलने एका माणसाला अंधेरीहून चर्चगेटला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच हजार माणसांना लागतो.

तिसरी पायरी: स्थिरांक काढा आणि त्याला नाव द्या

माझ्या मते ही सगळ्यात मोलाची पायरी आहे आणि वर्गात तिला सगळ्यात कमी वेळ मिळतो. मुलं 'क = १८०' असं लिहून पुढे जातात. १८० काय? रुपये, दिवस, की माणसं? नाव नसलेला क हा नुसता आकडा असतो. नाव दिलं की तो बोलायला लागतो, आणि पुढचं निम्मं उदाहरण तोच सोडवतो.

लालबागच्या एका मंडळाची सजावट १२ कार्यकर्ते १५ दिवसांत पूर्ण करतात. तीच सजावट १० दिवसांत व्हायला हवी असेल तर किती कार्यकर्ते लागतील? सगळ्यांचा कामाचा वेग सारखा धरायचा.

बदलतात कार्यकर्ते आणि दिवस. बदलत नाही ती सजावट, म्हणजे एकूण काम. कार्यकर्ते दुप्पट केले तर दिवस निम्मे होतील. गुणाकार कायम, व्यस्तचलन.

क = १२ × १५ = १८० माणूस-दिवस.

हे नाव लक्षात घ्या: माणूस-दिवस. एका माणसाने एका दिवसात केलेलं काम म्हणजे एक माणूस-दिवस, आणि ही सजावट १८० माणूस-दिवसांची आहे. १० दिवसांत हवी तर १८० ÷ १० = १८ कार्यकर्ते. ६ आणखी बोलवावे लागतील. प्रश्न 'किती लागतील' असा असेल तर उत्तर १८ आणि 'आणखी किती' असा असेल तर ६. हा एक शब्द नीट न वाचल्यामुळे बरोबर सोडवलेली गणितं चुकीची ठरतात.

आता नावाचा फायदा बघा. तीच सजावट, तेच १२ कार्यकर्ते, १५ दिवसांचा बेत. पण ५ दिवस झाल्यावर ४ जण परीक्षेमुळे यायचे थांबले. उरलेलं काम किती दिवसांत होईल?

सूत्रात आकडे कोंबणारा इथे अडकतो: १२, १५, ५, ४, कुठला कुठे घालायचा? तुमच्याकडे मात्र १८० माणूस-दिवसांचं काम आहे. ५ दिवसांत १२ जणांनी ६० केलं. उरलं १२०. आता माणसं ८. १२० ÷ ८ = १५ दिवस. म्हणजे आणखी १५ दिवस, एकूण २० दिवस. नवीन सूत्र लागलं नाही. क चा हिशेब ठेवला, त्यातून झालेलं काम वजा केलं, उरलेलं नव्या माणसांत वाटलं.

वेगाच्या उदाहरणांत क चं नाव अंतर असतं. चर्चगेट ते विरार सुमारे ६० किलोमीटर. थांबे धरून सरासरी ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडीला १०० मिनिटं लागली. सरासरी वेग ताशी ४५ झाला तर किती मिनिटं लागतील?

गुणाकार करा: ३६ × १०० = ३६००. ४५ ने भागा: ८० मिनिटं. उत्तर बरोबर आहे, पण ३६०० हे काय? अंतर तर ६० आहे. वेग ताशी आहे आणि वेळ मिनिटांत आहे, म्हणून ६० किलोमीटरचे ६० पट झाले. दोन्ही वेळा मिनिटंच वापरल्यामुळे इथे निभावलं. एकीकडे तास आणि दुसरीकडे मिनिटं घेतली असती तर उत्तर साठ पटीने बिघडलं असतं. क चं नाव आणि एकक लिहायची सवय असेल तर ही चूक कागदावरच दिसते.

आता मला सर्वात आवडणारं उदाहरण, झवेरी बाजाराचं. २४ कॅरटचं ११ ग्रॅम सोनं आहे. त्यात दुसरा धातू मिसळून २२ कॅरटचं सोनं केलं तर वजन किती होईल?

शुद्धता कमी होते, वजन वाढतं. बदलत काय नाही? आतलं शुद्ध सोनं. शुद्धता × वजन कायम.

२४ × ११ = २६४. २६४ ÷ २२ = १२ ग्रॅम.

१८ कॅरटचं करायचं तर २६४ ÷ १८ = १४.६७ ग्रॅम. आणि २६४ ला २४ ने भागलं की ११ ग्रॅम, तेवढं शुद्ध सोनं प्रत्येक मिश्रणात आहेच. सोन्याचा हा हिशेब फार जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त त्रैराशिकाचा, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढण्याचा, नियम दिला, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिक कुठे लावायचं ते सांगताना सोन्याचा कस आणि वजन यांचाच दाखला दिला. पूर्वी घरोघरी त्रैराशिकच शिकवलं जाई: प्रमाण, फल, इच्छा. झेंडूच्या उदाहरणात प्रमाण २.५, फल ३००, इच्छा ४, आणि उत्तर ३०० × ४ ÷ २.५. पटकन उत्तर काढायला ती रीत उत्तम आहे. पण नव्याने शिकणाऱ्याने आधी क ची वाट धरावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण त्रैराशिकात मधला अर्थ दिसत नाही, आणि मधेच माणसं कमी-जास्त झाली की अर्थच लागतो.

चौथी पायरी: उत्तर आणि अंदाज जुळवा

याला अर्धं मिनिटही लागत नाही. माणसं वाढवली तर दिवस आधीपेक्षा कमी आले ना? शुद्धता घटली तर वजन वाढलं ना? मग गुणाकार किंवा भागाकार पुन्हा करून क तोच येतो का ते पाहा: १८ × १० = १८०, जुळलं. उत्तर साडेसतरा माणसं असं आलं तर प्रश्नाकडे परत जा. माणसं पूर्णच असतात, म्हणून १८ लागतील. वजन किंवा वेळ असेल तर अपूर्णांक चालतो.

जिथे वर्ग येतो

'य हे क्ष च्या वर्गाच्या समचलनात आहे' असं वाक्य आलं की मुलांचा धीर सुटतो. पद्धत तीच, फक्त क्ष च्या जागी क्ष चा वर्ग ठेवायचा. पण दुप्पट चाचणीचं उत्तर बदलतं: क्ष दुप्पट केला की य चौपट होतो.

गाडीचा ब्रेक दाबल्यावर ती थांबेपर्यंत जे अंतर जाते ते वेगाच्या वर्गाच्या समचलनात असतं (रस्ता तोच, ब्रेक तितक्याच जोराने लागतो असं धरून). ताशी ४० किलोमीटर वेगाला हे अंतर १० मीटर असेल तर ताशी ६० ला किती?

क = १० ÷ (४० × ४०) = १० ÷ १६०० = १/१६०.
६० चा वर्ग ३६००. ३६०० ÷ १६० = २२.५ मीटर.

वेग दीडपट, अंतर सव्वादोन पट. साधं समचलन समजून सोडवणारा १५ मीटर लिहितो. आणि हे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर झालं. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे अंतर जाते ते वेगळं. पावसाळ्यात रस्ता ओला असला की क स्वतःच वाढतो, म्हणजे त्याच वेगाला अंतर आणखी लांबतं. पूर्व द्रुतगती महामार्गावर जुलैमध्ये दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे गणित एकदा स्वतः करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

व्यस्तचलनातही वर्ग येतो. छोट्या दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्तचलनात असतो. २ मीटरवर प्रकाशाचं माप १८० असेल तर ३ मीटरवर किती? क = १८० × ४ = ७२०, आणि ७२० ÷ ९ = ८०. अशी वाक्यं वाचताना घाई करू नका. 'वर्ग' कोणाचा आणि 'व्यस्त' कोणाशी, हे आधी समीकरणात लिहा: प्रकाश × अंतराचा वर्ग = क. मगच आकडे घाला.

दोनाहून जास्त राशी असतील तेव्हा

परळच्या एका कारखान्यात ६ कारागीर रोज ८ तास काम करून १० दिवसांत ४० गणेशमूर्ती रंगवतात. ९ कारागीर रोज १० तास काम करतील तर ९० मूर्ती किती दिवसांत होतील?

जुन्या पुस्तकांत अशा उदाहरणांना पंचराशिक, सप्तराशिक अशी नावं आहेत आणि बाणांची, उभ्या रकान्यांची रीत आहे. बाण कुठल्या दिशेने काढायचा हे विसरलं की सगळं कोसळतं. त्यापेक्षा विचारा, बदलत काय नाही? एक मूर्ती रंगवायला लागणारी मेहनत.

पहिल्या गटाची एकूण मेहनत = ६ × ८ × १० = ४८० कारागीर-तास. त्यात ४० मूर्ती. म्हणजे एका मूर्तीला १२ कारागीर-तास.
९० मूर्तींना ९० × १२ = १०८० कारागीर-तास.
नव्या गटाची रोजची मेहनत ९ × १० = ९० कारागीर-तास.
१०८० ÷ ९० = १२ दिवस.

यात समचलनही आहे (मूर्ती आणि मेहनत) आणि व्यस्तचलनही आहे (कारागीर आणि दिवस), पण कुठेही सम की व्यस्त असं ठरवायची वेळ आली नाही. १२ कारागीर-तास या नावाने ते काम केलं. एकदा हे जमलं की स्पर्धा परीक्षेतली काळ-कामाची उदाहरणं पाहून छातीत धडधडत नाही.

नळ आणि टाकीची उदाहरणंही याच घरातली. ३ सारखे नळ ४० मिनिटांत टाकी भरतात, तर ५ नळ किती मिनिटांत? १२० नळ-मिनिटं भागिले ५, म्हणजे २४. सोसायटीचा रंगकामाचा खर्च सदनिकांत समान वाटायचा असेल तर तेही व्यस्तचलन: ४० सदनिकांना प्रत्येकी १५,००० येत असतील तर ४८ सदनिकांना प्रत्येकी १२,५००. इथे क म्हणजे एकूण ६ लाखांचं बिल.

स्वतः करून पाहा

खालची चार उदाहरणं समासात तीन ओळी लिहून सोडवा. उत्तरं लगेच पाहू नका.

१. २ वाट्या पिठीचे २१ उकडीचे मोदक होतात. ५१ मोदकांना किती वाट्या पिठी घ्यावी?

२. एका वसतिगृहात ४० मुलांना ३० दिवस पुरेल एवढा शिधा आहे. १० दिवसांनंतर १० नवी मुलं आली. उरलेला शिधा किती दिवस पुरेल?

३. १८ कॅरटचा २२ ग्रॅमचा दागिना आहे. तेवढंच शुद्ध सोनं असलेल्या २२ कॅरटच्या दागिन्याचं वजन किती?

४. गाडीचा वेग २५ टक्क्यांनी वाढला. तेवढंच अंतर जायला लागणारा वेळ किती टक्क्यांनी कमी होईल?

उत्तरं:

पहिल्यात क म्हणजे एका वाटीचे मोदक, साडेदहा. ५१ ÷ १०.५ = ४.८६, म्हणून ५ वाट्या पिठी घ्यावी. थोडी उरेल, ती चालेल. कमी पडली तर चालणार नाही.

दुसऱ्यात एकूण शिधा १२०० मूल-दिवसांचा. पहिल्या १० दिवसांत ४०० संपला. उरलेल्या ८०० ला ५० ने भागा, १६ दिवस. ३० ला ४० ने गुणून थेट ५० ने भागलं तर २४ येतं, पण मुलं पहिल्या दिवसापासून ५० नव्हती.

तिसऱ्यात १८ × २२ = ३९६, भागिले २२, म्हणजे १८ ग्रॅम.

चौथ्यात बहुतेक जण २५ टक्के लिहितात. वेळ आणि वेग यांचा गुणाकार कायम आहे. वेग ५/४ पट झाला तर वेळ ४/५ पट होतो, म्हणजे घट १/५ ची, २० टक्के. विरारच्या गाडीचा वेग ३६ वरून ४५ झाला तो नेमका २५ टक्क्यांनीच, आणि १०० मिनिटांची ८० झाली.